टाळ्यांचा शेवट नको असेल तर

वाचकाचं पत्र (थोडं आवरतं घेऊन):

मी अकरावीत आहे. गेल्या वर्षी वर्गातल्या मुलांच्या एका ग्रुपवर माझ्या मैत्रिणीचे फोटो फिरत होते, कुणीतरी मुद्दाम घाणेरडे करून टाकलेले. मी जाऊन वर्गशिक्षिकेला सांगितलं. दोघांवर कारवाई झाली, बऱ्याच जणांचे फोन जप्त झाले, आणि कुणी सांगितलं हे लगेच सगळ्यांना कळलं. तेव्हापासून माझ्याशी कुणी बोलत नाही. जिच्यासाठी सांगितलं तीसुद्धा नाही. आता मलाच बोलता येईनासं झालंय. हजेरीच्या वेळी ‘प्रेझेंट’ म्हणायला तोंड उघडते आणि आवाजच येत नाही. मग वर्गात बसलेली असूनही माझी गैरहजेरी लागते. मधली सुट्टी मी लायब्ररीत काढते. तिथे मुद्दाम पानं जोरात उलटते, म्हणजे कपाटांमागे कुणीतरी आहे हे मॅडमना कळावं आणि त्या कुलूप लावून जाऊ नयेत.

तिथेच मला माझ्यासारख्या मुलींच्या कादंबऱ्या सापडल्या. ‘स्पीक’ पुन्हा पुन्हा वाचली. पण शेवट आला की राग येतो. सगळ्या जणी शेवटी बोलतात. एका पुस्तकात तर मुलगी स्टेजवर जाते, माइक हातात घेते आणि अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतो. पुस्तक मिटलं की वाटतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. मीही एक कादंबरी लिहायला घेतली आहे, पहिली पानं सोबत पाठवते. नायिका माझ्यासारखीच आहे, पण शेवट सुचत नाही. जे मला जमलं नाही ते तिला कसं जमेल? आईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगू, की कादंबरी पूर्ण झाली की तीच वाचायला देऊ?

– अबोली

प्रिय अबोली,

तू वर्गशिक्षिकेकडे गेलीस ते योग्य केलंस. वर्षभरात हे तुला बहुधा कुणी म्हटलेलं नाही, म्हणून आधी तेच लिहिते. चुगली वेगळी आणि दुसऱ्याची अब्रू जात असताना केलेली तक्रार वेगळी. तुझ्या वर्गातल्या पुष्कळांना हा फरक मनातून नीट कळतो. तरी त्यांनी तुला वाळीत टाकलं, ते का, त्याकडे पुढे येते.

आधी पुस्तकांबद्दल बोलू. टाळ्यांच्या त्या शेवटाचा तुला राग येतो, आणि तो रास्त आहे. तसले शेवट मलाही पटत नाहीत. ज्या मुलीकडे वर्षभर कुणी ढुंकून पाहिलं नाही, तिच्या एका भाषणावर सगळा हॉल उभा राहतो, म्हणजे हॉलमधले सगळे फुकटात सुटतात. वर्षभर काय केलंत, हे त्यांना कुणी विचारत नाही. वाचकाला बरं वाटावं म्हणून लेखक सगळं ओझं त्या पोरीच्या गळ्यावर टाकतो: तू नीट बोललीस तर जग सुधारेल. मग तुझ्यासारखी मुलगी पुस्तक मिटते आणि स्वतःलाच दोष देते. दोष त्या प्रसंगाच्या बांधणीत आहे, तुझ्यात नाही.

‘स्पीक’ला मात्र त्या रांगेत बसवू नकोस. लॉरी हॉल्स अँडरसनची ही कादंबरी १९९९ साली आली. तुला ती पाठ असेल, तरी एकदा माझ्याबरोबर वाच आणि एवढंच शोध, की नायिका मेलिंडा पहिल्यांदा कधी सांगते. तू म्हणशील, शेवटी. मला तसं दिसत नाही. नववी सुरू व्हायच्या आधीच्या त्या पार्टीत तिच्यावर बलात्कार होतो आणि ती पोलिसांना फोन लावते. पलीकडून विचारणा होते, हिच्या तोंडून शब्द फुटत नाही. पोलीस येतात, पार्टी उधळते. शाळा सुरू होते तेव्हा सगळ्यांच्या लेखी ती पार्टी उधळणारी मुलगी असते. फोन का केलास, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. तो फोन हे तिचं पहिलं सांगणं. अर्धवट राहिलेलं, पण सांगणंच.

पुढे इतिहासाच्या तासाला स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीवर ती निबंध लिहिते आणि तो मोठ्याने वाचायला नकार देते. वर्गात त्याच्या प्रती वाटते. सरांना ते चालत नाही. वर्गातला एक मुलगा तिला म्हणतो, त्या बायका बोलण्यासाठीच तर झगडल्या, मग तू गप्प राहून कसं चालेल? त्याचं म्हणणं खरं आहे. पण मला त्या वाटलेल्या प्रती जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण ज्या दिवशी गळा साथ देत नव्हता त्या दिवशी तिने दुसरा मार्ग काढला. मग मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर ती बलात्कार करणाऱ्या मुलाचं नाव लिहिते, याच्यापासून लांब राहा म्हणून. नंतर पाहते तर खाली इतर मुलींनी आपापली भर घातलेली. आणि लायब्ररीत, एकेकाळच्या जिवलग मैत्रिणीबरोबर कागदावर चिठ्ठ्या लिहिता लिहिता ती काय घडलं ते लिहून टाकते. मैत्रीण हळहळते, कोण होता म्हणून विचारते. नाव वाचल्याबरोबर उलटते. खोटारडी म्हणते. त्या वेळी ती स्वतःच त्या मुलाबरोबर फिरत असते.

हे पान तू भरभर उलटत असशील, असं मला वाटतं, कारण ते फार टोचतं. तरीही इथे जरा थांब. मेलिंडाने हिंमत करून सांगितलं, आणि ऐकणारीने विश्वास ठेवला नाही. लेखिकेने हे लपवलेलं नाही, गोडही केलेलं नाही. पहिलं सांगणं फसू शकतं आणि तरी गोष्ट तिथे संपत नाही, हे सोळा वर्षांच्या वाचकाला इतक्या स्पष्टपणे सांगणारी पुस्तकं थोडी आहेत. शाळेतल्या ज्या अडगळीच्या खोलीत ती लपून बसते, तिथली ती किंकाळी येते ती त्यानंतर, तो मुलगा पुन्हा अंगावर येतो तेव्हा. आणि अगदी शेवटी ती सांगायला सुरुवात करते ती चित्रकलेच्या सरांना, एकट्या त्यांना. वर्षभर ती झाडाचं चित्र जमवायला धडपडत असते आणि सर ते पाहत असतात, तिला काहीही कबूल करायला न लावता. एवढ्या काळात त्यांनी जे कमावलं त्याच्या जोरावर ते ऐकणारे होतात.

या सगळ्या कथांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते हेच. गप्प मुलगी पहिल्या पानापासून काहीतरी सांगत असते, कधी चिठ्ठीत, कधी भिंतीवर, कधी नुसत्या नकारात. तिला उणीव असते ती ऐकून घेणाऱ्या माणसाची, आणि त्या शोधात चुकीची माणसंही भेटतात. कादंबरी लिहिताना हे धरून ठेव. आईच्या प्रश्नालाही हेच लागू आहे.

आता तुझ्या गोष्टीकडे नीट बघ. ज्या प्रसंगाची तू वाट पाहते आहेस तो होऊन गेला आहे. इतर पुस्तकांत तो शेवटच्या प्रकरणात येतो, तुझ्या आयुष्यात पहिल्याच प्रकरणात आला: तू उठलीस, स्टाफरूमपर्यंत चालत गेलीस आणि तोंडाने सांगितलंस. तुझी नायिका बोलू न शकलेली मुलगी नाहीच. ती बोललेली मुलगी आहे, आणि बोलण्याची किंमत मोजते आहे. ही वेगळी कादंबरी आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड. तुला शेवट सुचत नाही याचं कारण तू दुसऱ्या मुलींच्या गोष्टीचा शेवट आपल्या गोष्टीला जोडायला बघते आहेस.

या वाटेवरचं एक पुस्तक मिळालं तर वाच. एंजी थॉमसची ‘द हेट यू गिव्ह’, २०१७ सालची. सोळा वर्षांची स्टार तिच्या लहानपणीच्या मित्राला पोलिसाच्या गोळीने मरताना पाहते. ती घाबरते, गप्प राहते, मग ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे, जाऊन जे पाहिलं ते सांगते. आणि त्या पोलिसावर खटला भरलाच जात नाही. तिने खरं सांगितलं, नीट सांगितलं, आणि न्याय मिळाला नाही. तिथून पुढे ती काय करते ते वाचताना लक्षात येईल की बोलण्याचं फळ मिळालं नाही म्हणून बोलणं वाया गेलं असं लेखिका कुठेही म्हणत नाही, आणि सगळं ठीक झालं असंही म्हणत नाही. या दोन्हींच्या मधल्या जागेत तुझी नायिका उभी आहे.

तू पाठवलेली पानं वाचली. पहिल्या पानावर ‘तिच्या मनात वादळ उठलं होतं’ असं वाक्य आहे. ते खोड. तिसऱ्या पानावर नायिका खिडकीपाशी बसून समाजाबद्दल मोठा विचार करते, तोही काढून टाक. तो विचार वाईट नाही, पण तो कुणीही करू शकतं. तुझ्या पत्रात मात्र अशा दोन गोष्टी आहेत ज्या फक्त तुला माहीत आहेत, आणि त्या कादंबरीत एका ओळीतही आल्या नाहीत: हजेरी, आणि लायब्ररीत जोरात उलटलेली पानं. आश्चर्य वाटलं मला. पत्रात तू इतकं नेमकं लिहितेस आणि कादंबरीत शिरलीस की दबकतेस.

हजेरीचा प्रसंग सविस्तर लिही. आपला नंबर यायला अजून पाच जण आहेत, तेव्हापासून घशाला काय होतं? आधीच्या मुलाचं ‘प्रेझेंट’ किती सहज येतं? सर मान वर करतात का, की पेन तसंच पुढे सरकतं? शेजारच्या बाकावरची मुलगी तुझ्याकडे बघते, तिला माहीत आहे तू बसली आहेस, आणि ती काही म्हणत नाही. तिचा चेहरा कसा असतो? एवढं लिहिलंस की वादळ वगैरे काही सांगावं लागणार नाही. लायब्ररीचंही तसंच. पान उलटण्याचा आवाज हा तुझ्या नायिकेने स्वतःहून केलेला आवाज आहे. मी आहे, हे ती तिथे सांगते आहे. मी तुझ्या जागी असते तर कादंबरी तिथूनच सुरू केली असती.

आणखी एक. तुझ्या पानांत वर्गातले सगळे सारखेच दुष्ट आहेत. तुला तसं वाटणं मी समजू शकते, पण लिहिताना ते खोटं उतरतं. ख्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमधल्या शाळांत अभ्यास करून १९९६ साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली: एखाद्या मुलाला छळणं हा दोघांमधला मामला नसतो, त्यात सगळा वर्ग असतो आणि प्रत्येकाची भूमिका वेगळी असते. एखादा पुढाकार घेतो, काही जण त्याला हात देतात, काही जण नुसते हसून त्याला चढवतात, काही जण बाजूला सरकतात, आणि काही थोडे जण छळ होणाऱ्याच्या पाठीशी उभे राहतात. आता तुझा वर्ग डोळ्यांसमोर आण. ज्यांचे फोन गेले आणि ज्यांना खरंच तुझा राग आहे असे किती असतील? बाकीचे बाजूला सरकलेले आहेत. तुझ्याशी बोललो तर उद्या आपली पाळी, ही त्यांची भीती. वाळीत टाकणं चालतं ते या भीतीवर. हे कळलं म्हणून त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही, त्यांचं वागणं वाईटच आहे. पण कादंबरीत त्या बाजूला सरकलेल्यांपैकी एकाला नाव दे, घर दे, त्याच्या मनातली भीती दे. उद्या प्रत्यक्षातही पहिलं वाक्य बोलायचं झालं तर ते अशाच एखाद्याशी बोलता येईल, पुढाकार घेणाऱ्याशी नाही.

आता तुझ्या गळ्याबद्दल, आणि इथे मी पुस्तकं जरा बाजूला ठेवते. आधी तुला बोलता येत होतं आणि आता बोलायची इच्छा असूनही ठरावीक ठिकाणी आवाज फुटत नाही. हा हट्ट नाही आणि नाटक तर अजिबात नाही. तीव्र भीतीने शरीर असं वागतं. महिना उलटूनही हे सुटत नसेल तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि तुला तर महिन्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस झाले आहेत. यावर उपाय आहेत आणि ते पायरी पायरीने चालतात: आधी जिथे भीती वाटत नाही तिथे एक शब्द, मग तोच शब्द एका ओळखीच्या माणसासमोर, मग थोड्या कमी ओळखीच्या. कुणी तुला एकदम वर्गासमोर उभं करून ‘बोल, काही होत नाही’ म्हणू लागलं तर नकार दे. तोपर्यंत वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दे, की हजेरीला मी हात वर करीन, कृपया हजर लावा. हे मागणं अगदी साधं आहे. चिठ्ठी एवढीच ठेव, कारणांचा पाढा नको.

अमेरिकन कवयित्री माया अँजेलो यांची गोष्ट तुला माहीत असावी असं वाटतं. १९६९ च्या आत्मचरित्रात त्यांनी ती स्वतः लिहिली आहे. आठेक वर्षांच्या असताना त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यांनी नाव सांगितलं. पुढे तो माणूस मारला गेला, आणि आपल्या बोलण्यानेच त्याचा जीव गेला असं त्या लहान मुलीच्या मनाने घेतलं. मग भाऊ सोडून इतरांशी बोलणं थांबलं, ते जवळपास पाच वर्षं. मिसेस फ्लॉवर्स नावाच्या एका बाईंनी तिला घरी बोलावलं, स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं, पुस्तकं दिली आणि सांगितलं की ही नुसती वाचू नकोस, मोठ्याने वाच. काय झालं होतं ते सांग, असं त्यांनी विचारलं नाही. आधी दुसऱ्याचे शब्द तोंडात बसवले, मग पुढे आपले आले. ‘स्पीक’मधली मेलिंडा आपल्या त्या अडगळीच्या खोलीत माया अँजेलो यांचंच पोस्टर लावते, हे तुला आठवत असेल.

तेव्हा घरी, दार लावून, रोज थोडं मोठ्याने वाच. तुझी स्वतःची पानं नकोत, ती जड जातील. दुसऱ्या कुणाची कविता घे, नाहीतर नाटकातला एखादा प्रवेश. मग एक दिवस लायब्ररीतल्या मॅडमना एक पुस्तक तोंडाने माग, नुसतं नाव घेऊन. त्या कपाटांमागे बघून मग कुलूप लावतात की नाही, मला ठाऊक नाही. पण रोज मधल्या सुट्टीत तिथे येणारी मुलगी त्यांना माहीत नसेल, हे मला खरं वाटत नाही.

आणि आई. कादंबरी पूर्ण व्हायची वाट पाहू नकोस. कादंबरीला किती महिने लागतील कुणास ठाऊक, आणि तेवढे महिने तू एकटीने काढायचं कारण नाही. शिवाय कादंबरी हातात दिलीस तर आई ती लेखिकेची आई म्हणून वाचेल. ‘छान लिहिलंयस गं’ म्हणेल, आणि यातलं खरं किती हे विचारायला कचरेल. तुझं कामही बिघडेल, कारण मग प्रत्येक ओळ आईला काय कळेल याच्या हिशेबाने लिहिशील. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेव.

आईला चिठ्ठी लिही. फोटोंचं काय झालं, तू काय केलंस, त्यानंतर काय चाललंय आणि हजेरीला काय होतं, इतकंच. आणि सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत, तुला तिच्याकडून काय हवंय ते लिही. तिने आत्ता फक्त ऐकून घ्यावं असं वाटत असेल तर तसं. शाळेत जाण्याआधी तुला विचारावं असं वाटत असेल तर तसं. आया हादरल्या की लगेच उठून काहीतरी करायला धावतात. त्यांना आधी सांगून ठेवलं तर त्या थांबू शकतात. चिठ्ठी देताना तू तिथेच बस किंवा दुसऱ्या खोलीत जा, जे झेपेल ते.

बहुधा ती पहिल्यांदा विचारेल, ‘इतके दिवस का नाही सांगितलंस?’ तो प्रश्न आरोपासारखा ऐकू येईल. माझं ऐकशील तर त्याचं उत्तर आधीच चिठ्ठीत लिहून ठेव, एका वाक्यात: सांगितल्याचं काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे, म्हणून भीती वाटली. त्या वाक्यापुढे भांडण टिकणार नाही. आणि आईने पहिल्या वेळी नीट ऐकलं नाही, चिडली, रडली, शाळेवर घसरली, तर मेलिंडाची ती चिठ्ठी आठव आणि दुसऱ्या माणसाकडे जा. मावशी असेल, बाबा असतील, शाळेचे समुपदेशक असतील. एकाने ऐकलं नाही म्हणून सगळे तसेच, हे तू वर्गाकडे बघून ठरवलं आहेस. वर्गाबाहेर माणसं आहेत.

ते फोटो अजून कुणाच्या फोनमध्ये असतील किंवा तुझ्याकडे आले असतील, तर पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवू नकोस. एखाद्या मोठ्या माणसाला सांग, पुढचं त्यांना बघू दे. आणि कधी असा दिवस आला की सगळंच संपवावंसं वाटलं, तर त्या दिवशी चिठ्ठी, कादंबरी, काही नको. तडक आईला उठव, रात्रीचे तीन वाजले असले तरी. बोलता आलं नाही तर नुसता हात धर.

शेवटाचं सांगते. हेच सगळं लिहायला नायिका टेबलाशी बसते, असा शेवट तुझ्या मनात येऊन गेला असेल. तो वापरून झालेला आहे. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन यांची ‘दी आउटसायडर्स’ आली, ती त्यांनी तुझ्याच वयात लिहिली होती. तिच्या शेवटी निवेदक शाळेचा निबंध लिहायला बसतो आणि तो निबंध म्हणजेच आपण वाचलेली कादंबरी, असं कळतं. तिथे ते फार सुंदर उतरलं आहे, म्हणून तू त्या वाटेला जाऊ नकोस.

तुझ्या पानांनी एकच प्रश्न खरा उभा केला आणि तसाच सोडला: जिच्यासाठी सांगितलं ती का बोलत नाही? पत्रातही तू ते एका ओळीत उरकलं आहेस. मला तो या गोष्टीचा गाभा वाटतो. तुझ्या वर्गात गप्प केलेल्या मुली दोन आहेत. तिचे फोटो फिरले, मग तक्रार झाली, मग चौकशी झाली, आणि या सगळ्यात तिला कुणी काही विचारलं का? तू सांगायला गेलीस तेव्हा तिला माहीत होतं का? मी तुला दोष देत नाही, तू जे केलंस ते करायलाच हवं होतं. पण तिच्या बाजूने बघ. तिची शरम सगळ्या शाळेला कळली आणि त्या दिवसाची आठवण रोज तुझा चेहरा होऊन तिच्यासमोर येते. कदाचित ती तुझा राग करत नसेल, तुझ्याकडे बघणंच तिला झेपत नसेल. कदाचित रागही असेल. प्रत्यक्षात तिच्या मनात काय आहे ते तुला कळेल तेव्हा कळेल, आणि तिच्याकडून आभाराची अपेक्षा धरून जाऊ नकोस.

कादंबरीत मात्र तुला ते आजच शोधता येईल. दोघींना एका जागी आण, लायब्ररीत किंवा आणखी कुठे, जिथून लगेच निघून जाता येणार नाही. आणि तिला आधी बोलू दे. तुझी नायिका वर्षभर ऐकणारा माणूस शोधते आहे, या प्रसंगात ती स्वतः ऐकते. मैत्रीण काय बोलते ते आधी ठरवू नकोस. ती चिडली तर चिडू दे, गप्प राहिली तर दोन पानं गप्प राहू दे. हा प्रसंग कादंबरीच्या शेवटी येतो की मध्यावर, ते लिहून झाल्यावर बघू. लिहिलंस की मला पाठव. हजेरीचं प्रकरणही पाठव, पण आधी आईची चिठ्ठी.